कमरेच्या वरचा नियम

बाईंबद्दल सांगायला बसले की कुठून सुरुवात करू तेच मला कळत नाही, आणि हसू मात्र आधीच यायला लागतं. आता मी लंडनजवळ रीडिंगला राहते. ऑफिसातून ट्रेनने परत येताना कधीतरी बाई आठवतात आणि मी एकटीच हसते. समोरचा माणूस पेपर जरा वर करून घेतो. त्याला काय सांगू? साउथहॅम्प्टनमधल्या एका बहात्तर वर्षांच्या बाईने पोहण्याच्या तलावाचा नियम बदलून घेतला आणि तो दिवस मी या डोळ्यांनी पाहिला, हे मला अजूनही दिसेल त्याला धरून सांगावंसं वाटतं.

नोकरीसाठी मी नागपूरहून थेट साउथहॅम्प्टनला आले आणि बाईंच्या घरातली वरची खोली घेतली. बाई मूळच्या मिरजेच्या. तिशीच्या आत इथल्या हॉस्पिटलात आल्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून रिटायर झाल्या. नवरा हाडांचा डॉक्टर, त्याला जाऊन वीस वर्षं झालेली. मूलबाळ नाही. नाव होतं, चांगलं लांबलचक होतं, पण अख्खं महाराष्ट्र मंडळ त्यांना 'बाई' म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले.

खोली दाखवताना त्यांनी हीटिंगचं सांगितलं नाही, कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे तेही सांगितलं नाही. पहिला प्रश्न आला, "पोहता येतं?"

"नाही."

"मग शिकायचं. इथून जहाजांचे भोंगे ऐकू येतात, आणि तू पाण्याला भिणार? माझ्या घरात न पोहणारं माणूस राहत नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. शनिवारी सकाळी सातला माझं दार वाजलं. बाहेर बाई. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात माझ्या मापाचा कॉस्च्यूम. माप कुठून मिळालं विचारलं तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं माणूस बघून वजन ओळखलंय. त्याशिवाय भुलीचा डोस ठरत नाही."

तलाव ज्यात होता ते लेजर सेंटर बसने दोन स्टॉपवर होतं. बाई तिथे तीस वर्षं आठवड्यातून चार दिवस पोहत होत्या. मी कठड्याचा बार दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बाई पाण्यातून म्हणाल्या, "दहापासून उलटं मोज. ऑपरेशनच्या टेबलावर मी सगळ्यांना हेच सांगायचे. सातच्या पुढे कुणी गेलेलं मला आठवत नाही." मी दहा म्हटलं, नऊ म्हटलं, आठ म्हटलं, आणि बाईंनी माझा हात धरून मला सरळ आत ओढलं. एकतिसाव्या वर्षी मी पोहायला शिकले ते असं, किंचाळत!

हे उलटं मोजणं त्यांचं रामबाण औषध होतं. व्हिसाचं पत्र उघडायचंय? दहापासून मोज. आईला फोन करून लग्नाचा विषय टाळायचाय? दहापासून मोज. एकदा टोस्ट जळून स्मोक अलार्म बोंबलत होता, मी सैरावैरा धावत होते, आणि बाई खुर्चीत बसून शांतपणे "नऊ… आठ…" करत होत्या.

दुसरं एक वेड होतं त्यांचं. एप्रिलात पहिलं ऊन पडलं की त्या चहाचा मग घेऊन पुढच्या खिडकीत बसायच्या. इथल्या पुरुषांना ऊन दिसायचा अवकाश, शर्ट निघालाच. कुणी गवत कापतंय, कुणी गाडी धुतंय, कुणी नुसताच कुत्रा घेऊन चाललाय, सगळे उघडेबंब. बाई ओरडून आकडा सांगायच्या. "पंधरा डिग्री, तिसरा निघाला! ए, ये लवकर, याचं पोट बघ. सातवा महिना असावा."

"बाई, हळू. ऐकू जाईल."

"जाऊ दे की. मी त्याला झाक म्हणतेय का? मजेत आहे बिचारा. मी एवढंच विचारतेय, की त्याच्या बायकोलाही तेवढंच उकडत असेल ना?" आणि जरा वेळाने, चहा खाली ठेवून, "आमचे वडील सोवळं नेसून उघडे जेवायला बसायचे. आई चुलीपुढून उठायची ती घामाने निथळत, आणि पदर सारखा करून वाढायची. वडिलांना पंखा घालायला मी. आईला कुणी नाही. तेव्हापासून मोजतेय मी."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बाईंना कॅन्सर निघाला. दोन्ही बाजूंचा. ऑपरेशन झालं आणि दोन्ही स्तन काढले. मी हॉस्पिटलात गेले तर मलाच रडू आवरेना, आणि बाई सिस्टरला भूल कशी चांगली दिली होती ते समजावत होत्या. पुन्हा नवे बसवून घ्यायचे का, असं सर्जनने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सत्तरी उलटल्यावर नवं फर्निचर कशाला?" घरी आल्यावर मात्र पहिल्या रात्री त्यांनी बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकला. तो तीन आठवडे तिथेच होता. एका सकाळी टॉवेल धुवायला टाकलेला दिसला आणि मी जिन्यातच बसून घेतलं, इतकं बरं वाटलं मला.

आता माझी चूक सांगते. ती आठवली की अजून कान गरम होतात.

जानेवारीत मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चर्चच्या हॉलमध्ये. ओट्या भरायचं काम माझ्याकडे. तांदूळ, नारळ, ब्लाउज पीस. तांदूळ, नारळ, ब्लाउज पीस. साठेक बायका. हात आपोआप चालले होते. समोर बाई आल्या आणि मी त्यांच्याही ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर लाल खणाचा ब्लाउज पीस ठेवला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रांगेतल्या बायका त्या पीसकडे बघत राहिल्या. इथल्या बायकांना नवऱ्याच्या पगारापासून सगळं एकमेकींचं माहीत असतं, त्यामुळे बाईंचं ऑपरेशन माहीत नाही अशी एकही नव्हती. माझं तर पाणी पाणी झालं.

बाईंनी पीस उलगडला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ऐंशी सेंटिमीटर! आता मला चाळीसात भागेल. उरलेल्याची पोहायची चड्डी शिवते."

आधी कुणी हसलं ते आठवत नाही, पण मग सगळा हॉल हसला. एकच जण हसली नाही, मंडळाच्या अध्यक्ष वहिनी. या वहिनी म्हणजे आमच्या गावातला मराठी शिवणाचा कारखाना. घरच्या गॅरेजमध्ये मशीन, पर्समध्ये कायम मापाची टेप. बाईंचे ब्लाउज तीस वर्षं त्याच शिवत होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थट्टेला काही लिमिट? चारचौघात असं बोलायचं? लोक काय म्हणतील!"

मार्चमध्ये डॉक्टरांनी पोहायची परवानगी दिली. बाईंनी पोहताना घालायचे खोटे उरोज आणले, कॉस्च्यूमच्या आत बसवले आणि उडी मारली. तिसऱ्या फेरीला त्यातला एक निसटला आणि तरंगत तरंगत शेजारच्या लेनमध्ये गेला. तिथे एक म्हातारा साहेब रोज पोहायचा. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "मॅडम, आय बिलीव्ह धिस इज युअर्स." बाई हसता हसता पाणी प्यायल्या. मीही. लाइफगार्ड उठून उभा राहिला.

नंतर त्यांनी ते दोन्ही गुंडाळून कपाटात टाकले आणि नुसता कॉस्च्यूम घालून पाहिला. तर त्यात पाणी भरून पुढे फुगा व्हायचा आणि शिवण बरोबर व्रणांवर घासायची. लाल रेघ उठायची. चौथ्या दिवशी बाई रिसेप्शनला गेल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून मी पुरुषांची ट्रंक, म्हणजे नुसती पोहायची चड्डी, घालून पोहणार, वर काही नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर मोठा आडदांड माणूस होता, पण स्वभावाने गरीब. त्याने नियमाचा कागद आणला. पुरुषांनी ट्रंक घालावी, स्त्रियांनी छाती झाकणारा पोशाख घालावा. बाई म्हणाल्या, "कुठली छाती?" तो लालबुंद झाला. म्हणाला, मी वर विचारतो.

दोन आठवड्यांनी बाईंना मीटिंगला बोलावलं. मी सोबत गेले. मॅनेजर आणि त्याच्या वरच्या दोन अधिकारी बायका बसल्या होत्या, चहाबिस्किटं होती, सगळं गोडीगुलाबीचं. त्यांनी बाईंना सवलत देऊ केली. डॉक्टरचं पत्र आणा, आम्ही तुमच्या नावावर मेडिकल एक्झम्पशन टाकतो, रिसेप्शनला दाखवा आणि हवं तसं पोहा. मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. जिंकलो की!

बाई म्हणाल्या, "नो, थँक यू."

बाहेर पडल्यावर बसस्टॉपवर आमचं जे भांडण झालं! माझ्या तोंडून नागपूर बाहेर पडलं. "काहून नाही म्हटलं बाप्पा? पोहायचंच होतं ना तुम्हाला? देत होते ना ते?"

"परवानगी देत होते. मी आजारी म्हणून, मी म्हातारी म्हणून, आणि माझ्याकडे झाकायला काही उरलं नाही म्हणून. त्या साहेबाला कुणी पत्र मागतं का? नियमात दोन ओळी आहेत, एक त्याची, एक आपली. मला एकच ओळ पाहिजे."

"म्हणजे उद्या मीही उघडी पोहू?"

"तुला वाटलं तर."

"मला नाही वाटणार!"

"मग नको ना. पण ते नको तुझं असू दे, त्यांचं नको."

बस आली. बाई चढल्या नाहीत. स्टॉपच्या बाकावर बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मंडळात सगळ्यांना माहीत होती आणि मलाच कुणी सांगितली नव्हती. नवरा गेला त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला अध्यक्ष वहिनींचा फोन आला होता. या हं बाई, आम्ही तसलं काही मानत नाही, फक्त मागच्या खुर्च्यांवर बसा, तुम्हाला शेवटी देऊ. "ती पण सवलतच होती," बाई म्हणाल्या. "मी गेले, आणि पहिल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसले. वहिनींनी एकदा हातातल्या कुंकवाच्या कुयरीकडे पाहिलं, एकदा मागच्या खुर्च्यांकडे. पण लावलं कुंकू. पुढच्या वर्षीपासून मंडळात मागच्या खुर्च्या राहिल्या नाहीत."

पुढची बस आम्ही पकडली. पण खरं सांगते, मला तेव्हाही वाटत होतं की बाई हरणार. सवलत हातची गेली, नियम बदलणार नाही, आणि बहात्तराव्या वर्षी या बाईचं पोहणं कायमचं थांबणार. बाई पोहायला जाईनाशा झाल्या. सकाळी सातला उठून, आवरून, जिन्याच्या खालच्या पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसायच्या आणि मग टॉवेल परत कपाटात ठेवायच्या. ते पाहून माझा जीव तुटायचा.

पाडव्याच्या कार्यक्रमाला साडी नेसायची तर जुने ब्लाउज कुठे बसणार? म्हणून अध्यक्ष वहिनी माप घ्यायला घरी आल्या. मी टेपचे आकडे वहीत लिहून घेत होते. बाईंनी सरळ शर्ट काढून ठेवला. वहिनींनी टेप उघडली आणि त्यांचे हात तसेच राहिले. व्रण फिकट झाले होते, पण त्यांच्यावर आडवी लाल रेघ अजून होती, एका जागी सोललेली.

"हे कशाने झालं?" वहिनींनी विचारलं.

"कॉस्च्यूमच्या शिवणीने."

"मग घालता कशाला?"

"लोक काय म्हणतील म्हणून," बाई म्हणाल्या.

वहिनींनी चष्मा काढून पुसला. त्यांनी टेप लावली आणि आकडा सांगितला, "चौतीस." निघताना त्यांनी मला दारात विचारलं, पुढची मीटिंग कधी आहे. मी म्हटलं, बाईंनी अपील केलंय, मंगळवारी आहे.

मंगळवारी आम्ही पोहोचलो तर लेजर सेंटरच्या दारात वहिनी उभ्या! पैठणीच्या काठाची साडी, वर फुगीर पफर जॅकेट, हातात पर्स. बाईंनी भुवया वर केल्या. वहिनी म्हणाल्या, "मी नुसती बसणार आहे."

त्या नुसत्या बसल्या, साधारण दहा मिनिटं. बाई मुद्दे मांडत होत्या, समोरच्या बायका मान डोलावत होत्या, आणि मॅनेजर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता की नियम सगळ्यांच्या सोयीसाठी आहे, स्त्रीची छाती झाकलेली असावी ही लोकांची अपेक्षा असते. तेव्हा वहिनी उठल्या. पर्समधून टेप काढली. "सर, प्लीज स्टँड अप."

तो बिचारा उठला. शिंप्याने उठ म्हटलं की माणूस उठतोच. वहिनींनी शर्टावरून त्याच्या छातीला टेप गुंडाळली, चष्मा नाकावर ओढून वाचलं आणि मला म्हणाल्या, "लिही गं, चव्वेचाळीस." मग बाईंकडे वळल्या, बाई उभ्या राहिल्या, त्यांना टेप लावली. "लिही, चौतीस." दोन्ही आकडे लिहिलेला कागद माझ्या हातून घेऊन त्यांनी तो टेबलावर समोरच्या बायकांपुढे ठेवला.

"आय ॲम टेलर. फॉर्टी इयर्स," वहिनी म्हणाल्या. "यू टेल मी, मॅडम. विच वन आय शुड कव्हर?"

दोघींपैकी एकीने तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलायला लागले. दुसरी उघडच हसली. आणि मॅनेजर! तो स्वतःच्या छातीकडे बघत होता, मग बाईंकडे, मग पुन्हा स्वतःकडे. शेवटी तोही हसायला लागला आणि म्हणाला, "मी, बहुतेक." मला तर टाळ्या वाजवायच्या होत्या. बाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि हसू ओसरायच्या आत, भुलीचं इंजेक्शन द्यावं तितक्या अलगद, मुद्दा सरकवला. "सो, वन लाइन. फॉर एव्हरीबडी."

पत्र जूनच्या शेवटी आलं. बाईंनी ते मला उघडायला लावलं. मी "दहा" म्हटलं आणि पुढचं न मोजताच पाकीट फाडलं. नियम दोन ओळींचा एक ओळीचा झाला होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने कमरेपासून खाली व्यवस्थित झाकणारा पोहण्याचा पोशाख घालावा. प्रत्येकाने! मी वाचलं, पुन्हा वाचलं, किंचाळले. बाईंनी कागद घेतला आणि स्वतः वाचला. त्या 'स्त्री' हा शब्द शोधत होत्या. तो कुठेच नव्हता. मग त्यांनी वहिनींना फोन लावला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यामुळे." पलीकडून वहिनी म्हणाल्या, "छे, छे, टेपमुळे."

शनिवार उजाडला. वहिनी आमच्याबरोबर आल्या. त्या पाण्यात उतरणार नव्हत्याच. चपलांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, साडी सावरत, कडेच्या बाकावर ताठ बसल्या. कुणी काही बोललंच तर बघून घेईन, असा चेहरा. मी माझा गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्यूम घातला होता. बाईंनी काळी ट्रंक घातली होती, आणि तिच्या कमरेची नाडी होती हळदीकुंकवातल्या त्या लाल खणाची. कुणी शिवून दिली असेल, सांगायला नको.

चेंजिंग रूममधून तलावाकडे जायच्या दारापाशी बाई थांबल्या. खांद्यांवरून टॉवेल घट्ट लपेटलेला. दारापलीकडून पाण्याचा, पोरांचा, शिट्टीचा आवाज येत होता. मी पाहिलं तर त्यांनी दाराला हात लावला आणि परत टॉवेलखाली घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची भीती घालवत आलेली ही बाई, आणि तिला भीती वाटत होती. मी त्यांना घट्ट धरणार होते. पण मग मला कळलं की त्यांना ते नकोय.

"बाई," मी म्हटलं, "दहापासून उलटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा हसल्या, की अजून डोळ्यांसमोर आहे.

"दहा," म्हणाल्या, आणि दार ढकललं. सगळा प्रकाश अंगावर आला. लाइफगार्डने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली नाही. सगळ्यांकडे बघतो तसंच पाहिलं.

"नऊ." टॉवेल माझ्या हातात आला. तो म्हातारा साहेब लेनमध्ये थांबला आणि त्याने डोक्यावर नसलेली टोपी अदबीने उचलल्यासारखं केलं. बाकावर वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"आठ." बाई कठड्याशी पोहोचल्या होत्या.

सात मला ऐकूच आलं नाही. पाण्याचा आवाज झाला.